नाना शेलारांची पंगत

नाना शेलार रोग्यांना रोगी म्हणत नसत, पान म्हणत. "सातवं पान आलं का? आठव्याला बाकावर बसवा." नवखा माणूस धारच्या सरकारी दवाखान्यात आला, की आपण चुकून लग्नघरात शिरलो असं त्याला वाटे.

यात नानांचा दोष नव्हता. संस्थान असताना ते राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पंगती मांडत. कोणाचा पाट कोणाशेजारी, हे तेच ठरवीत. संस्थान विलीन झालं आणि नव्या सरकारनं त्यांना दवाखान्यात ऑपरेशनची यादी सांभाळायला बसवलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर एकच, यादी मात्र लांबच लांब. नाना तिला पंगतच म्हणत.

"पंगत मोडायची नाही," ते मला सांगत, "आणि पानावर आडवा हात आल्याशिवाय वाढणं थांबवायचं नाही." या दुसऱ्या नियमाचा दवाखान्यात काय उपयोग, हे विचारायचा मला धीर झाला नाही. इंदूरला कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिलाच. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायची सवय अजून लागायची होती.

माझ्या वडिलांना अंतर्गळ होता. नानांची आणि आमची भिंत एक. मी चाचरत म्हटलं, "नाना, आपण शेजारी..."

"शेजार घरी. इथं तुझ्या बापाचा पाट एकेचाळिसावा."

खुद्द नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. यादी ते नाकाला लावून वाचत. पण तिच्यात स्वतःचं नाव घालत नसत. "वाढणारा शेवटी बसतो." शेवट तर येतच नव्हता, चार उठत, सहा बसत. अशानं नाना आंधळे होणार, असं आई रोज म्हणे.

मग हुकूम आला, की गावातल्या एका खाजगी डॉक्टरांच्या इस्पितळात काही ऑपरेशनं सरकारी खर्चानं करून घ्यावीत. नाना भडकले. "भरल्या पंगतीतून उठवून दुसऱ्याच्या घरी जेवायला धाडू?" तरी पाहणीला गेले. डॉक्टरांना नमस्कारही न करता आत शिरले, हत्यारं उकळत होती तिथं पाच मिनिटं उभे राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "भांडी स्वच्छ आहेत. चालेल."

त्या दिवसापासून नाना एकेका पानाला क्रमानं, स्वतः टांग्यातून पोचवू लागले. माझे वडीलही तिथूनच बरे होऊन आले.

नालछ्याच्या गंगाबाईंना नेलं त्या दिवशी मी बरोबर होतो. त्यांचाही मोतीबिंदूच. नाना "सांभाळून चढा" म्हणाले आणि स्वतःच टांग्याची पायरी चुकून रस्त्यात बसले.

"अरे भिया," गंगाबाई टांगेवाल्याला म्हणाल्या, "इनके तो म्हारे से बी कम दिखे!"

सगळे हसले. गंगाबाई हसल्या नाहीत. इस्पितळात पोचल्यावर त्या ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी अडून बसल्या. "पेलां नाना, पछे म्हूं."

"आजी, पंगत मोडते."

"पाट म्हारो. म्हने थांके दियो."

आपला पाट दुसऱ्याला द्यायचा हक्क पाहुण्याला असतो, हे नानांनीच राजवाड्यात वर्षानुवर्षं पाळलेलं. ते हातातली यादी नाकाला लावून बघू लागले. डॉक्टरांनी तेवढ्यात त्यांना भरती करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्टी दोन्हींवर. गंगाबाईंची पाळी अजून यायची होती. त्या अंदाजानंच नानांना खिचडी वाढत होत्या. थोडी ताटात, थोडी चादरीवर.

नानांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यापासून ते हातानं शिजवत आणि चुलीपाशी उभ्यानंच दोन घास खात. त्यांना बसून जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ओर?" गंगाबाईंनी विचारलं.

आणि पुन्हा वाढलं. पुन्हा विचारलं, पुन्हा वाढलं. मी नानांच्या हाताकडे बघत होतो. तो मांडीवर तसाच होता. आडवा आला नाही.