टॉवेल मिळण्याबाबत

नाशिकच्या आमच्या कार्यालयात साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो. तो कशासाठी, हे कुणी विचारत नाही. एकाही साहेबाला त्याने तोंड पुसताना मी पाहिलेलं नाही.

धम्मपाल गांगुर्डे माझ्या शेजारच्या टेबलावरचे कारकून. खात्याची परीक्षा पास होऊन साहेब झाले, दाखल्यांवर सही करायचा अधिकार मिळाला. फिरती खुर्ची आली. टॉवेल काही आला नाही.

"खुर्ची नियमाने मिळते, गांगुर्डे," भांडार सांभाळणारे रविराज म्हणाले. "टॉवेल परंपरेने मिळतो."

"परंपरा कोणाची?"

"हे असले प्रश्न विचारता, म्हणूनच अडतं तुमचं."

व्हायचं ते झालं. इगतपुरीकडच्या सगुणाबाई दाखल्यासाठी आल्या, बोडकी खुर्ची पाहिली आणि साहेबांनाच म्हणाल्या, "दादा, प्यायचं पानी कुठं हाय?" साहेबांनी उठून पाणी आणून दिलं. झालं, उरलीसुरली साहेबीही गेली.

शेवटी माणूस चिडला आणि मेनरोडवरून स्वतःच्या पैशाने टॉवेल घेऊन आला. शासकीय खुर्चीवर खाजगी टॉवेल म्हटल्यावर वरिष्ठांनी तातडीने समिती नेमली. समितीने टॉवेल उलटसुलट पाहिला, हुंगला आणि अहवाल दिला: 'टॉवेल खुर्चीला शोभतो. बसणाऱ्यास शोभतो किंवा कसे, याबाबत मत राखून ठेवण्यात येत आहे.' याचा जातीबितीशी काही संबंध नाही, हेही समितीने कुणी न विचारता नमूद केलं.

निर्णय होईपर्यंत टॉवेल जप्त. ठेवायला जागा नाही म्हणून काळू शिपायाने तो व्हरांड्यातल्या मोडक्या खुर्चीवर टाकला. दुपारपर्यंत त्या रिकाम्या खुर्चीपुढे रांग लागली. लोक चपला काढून, हात जोडून उभे. कुणीतरी त्र्यंबकचे पेढेही ठेवले. वरिष्ठांनी जनभावनेचा आदर राखून आदेश काढला की, यापुढे अर्ज टॉवेलपुढेच स्वीकारावेत. टॉवेलला सही येत नसल्याने ते संध्याकाळी धम्मपाल साहेबांकडे पाठवावेत.

"बाप बिगारी होता माझा," साहेब मला म्हणाले. "पोरगा साहेब झाला म्हणून गावभर सांगत फिरतोय. उद्या बघायला आला, तर तोही त्या टॉवेललाच नमस्कार करील रे."

मला फार वाईट वाटलं. मी मान खाली घातली आणि चहा सांगितला. आमच्या कार्यालयात वाईट वाटल्यावर एवढंच करतात.

मग साहेबांनी आपलं टेबल उचलून थेट व्हरांड्यात, रांगेच्या शेजारी मांडलं. वर पाटी लावली: 'दाखल्यावर सही इथे लगेच मिळेल.' लोक येतात, पाटी नीट वाचतात आणि रांगेत जाऊन उभे राहतात.

हसताय ना, हसा. परवा त्या रांगेत शेवटून दुसरे तुम्हीच होतात. साहेबांनी तुम्हाला हात करून बोलावलं, पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं त्यांनी. तुम्ही टॉवेलवरची नजर न हलवता म्हणालात, "थांबा हो जरा, मला साहेबांना भेटायचंय."