बोटीनं आलेलं कुलूप

"उद्यापासून तुमची कुलपं नकोत, बाई," दुकानदार कारखान्याच्या दारातच म्हणाला आणि त्यानं पिशवीतून एक चकचकीत कुलूप काढून बाईंच्या हातावर ठेवलं. "हे बोटीनं आलंय. तुमच्या निम्म्या भावात."

बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. बाजारातलं सगळ्यात मोठं दुकान ह्याचं. हा फिरला तर पुढच्या महिन्यात कारागिरांना काय सांगायचं? शेजारचा कात्र्यांचा कारखाना असाच बसला होता आणि तिथले कारागीर आता गोदामात परदेशी कात्र्यांचीच खोकी उचलत होते. पण पोटातलं ओठांवर येऊ देतील तर त्या बाई कसल्या! शाळेत त्या 'ठ'पर्यंत पोचल्या होत्या. पुढचं आपल्याला येतंच, असं ठरवून ज्या घरी आल्या, त्या आजवर कुणापुढे गप्प बसल्या नव्हत्या. स्वतःच्या कुलपावर तर त्यांचा एवढा भरवसा, की आपल्या कपाटातले बदाम कमी झाले की त्या उंदरांच्या सात पिढ्या उद्धरत, पण कुलपावर संशय घेत नसत.

"मिस्त्री, सगळ्यांना बाहेर बोलवा. फुकटचा तमाशा आहे!"

कारागीर हात पुसत बाहेर आले. बाईंनी दार ओढून कडीला ते कुलूप खटकन लावलं आणि किल्ली गटारात भिरकावली.

"अहो बाई, किल्ली!" दुकानदार ओरडला.

"किल्ली कशाला? असल्या कुलपाला शिंक पुरते."

शिंक नाही, पण बाईंनी दगड घातला. दगडाचे दोन तुकडे झाले.

"मिस्त्री, हातोडा."

"आत आहे, बाई."

"मग करवत."

"तीही आतच."

"माझा चष्मा?"

"तो तुमच्या डोक्यावर आहे."

एवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी बंद दार आणि बाहेर उभे कारागीर पाहिले. घटकाभरात 'कारखान्याला कुलूप लागलं' ही बातमी पेठभर झाली. मिस्त्रीची बायको पदर खोचत धावत आली.

"कुणी लावलं हो कुलूप?"

"मी लावलं!" बाई खेकसल्या.

"स्वतःच्या हातानं?"

"मग काय तुझ्या?"

ती तिथंच रडायला बसली. मागून भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. "यंत्रं वजनावर देणार की नगावर, बाई?"

"आधी तुलाच वजनावर विकते, थांब!"

उसना हातोडा आला. मिस्त्रीनं घाव घातले, तशी कडी वाकली, दाराचा ढलपा निघाला, पण कुलपावर ओरखडा नाही.

"दणकट आहे मेलं," बाईंच्या तोंडून निसटलं.

"मग मागवायला हरकत नाही म्हणता!" दुकानदार हसला.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. दाराकडे पाहत ती हळूच म्हणाली, "आई, ही लावून बघू का?"

"स्वयंपाकघराच्या कपाटाची किल्ली? आणि परदेशी कुलपाला? बघ, तुझीही हौस फेड."

कुलूप खट्कन उघडलं.

"बघा!" बाई गरजल्या. "हे तुमचं बोटीचं कुलूप! माझ्या घरातली साधी किल्लीसुद्धा ह्याला पुरली!"

दुकानदाराचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यानं स्वतःच्या दुकानाची किल्ली काढून सुनेच्या किल्लीला लावून पाहिली. दाते तंतोतंत तेच. "बाई, माझ्या दुकानाला तुमचंच कुलूप आहे. म्हणजे तुमची सूनबाई माझं दुकान उघडू शकते?"

मिस्त्री खाकरला. "बाई, तुम्हीच म्हणाला होता, किल्ल्यांचा साचा एकच ठेवा. गिऱ्हाईक काय शेजाऱ्याचं दार उघडत हिंडतंय का?"

"आणि परदेशात नमुना म्हणून तुमचंच कुलूप पाठवलं होतं," दुकानदार कपाळाला हात लावत म्हणाला. "त्यांनी किल्लीसकट उतरवलं."

आजवर कुणाला जमलं नाही, ते एका कुलपानं केलं. बाईंची वाचा बसली. त्यांच्या अकलेची नक्कल साता समुद्रापार झाली होती, तीही निम्म्या भावात.

पण बाईंची वाचा बसली, तरी फार वेळ बसून राहणाऱ्यांतली नव्हती.

"दुकानदार, आता पेठेतलं कुठलंही दार कुठल्याही किल्लीनं उघडतंय. नवी कुलपं बोटीनं यायची वाट बघत लोकांनी काय उंबऱ्यात झोपायचं? चूक माझी आहे. माझी जुनी कुलपं मी फुकट बदलून देते. तुमच्या बोटीच्या कुलपांचं तुम्ही बघा. मिस्त्री दर कुलपाचे दाते वेगळे कापतील."

दुकानदारानं बोटीचं कुलूप पिशवीत टाकलं. "कधी देता?"

"दार उघडंच आहे. लागा रे कामाला!" मिस्त्रीच्या बायकोनं डोळे पुसले. भंगारवाल्यानं गाडी वळवली.

कारागीर आत गेले, तशा बाई सुनेकडे वळल्या. "काय गं, ही किल्ली माझ्या कपाटालाही लागते?"

सुनेनं मान खाली घातली. "लग्न झाल्यापासून, आई."

बाईंना बदाम आठवले. दर महिन्याला नव्यानं लावलेला उंदरांचा पिंजराही आठवला.

"मिस्त्री," त्यांनी हाक मारली, "पहिलं नवं कुलूप माझ्या कपाटाला. आणि किल्ल्या दोन करा."

"दुसरी कुणासाठी, बाई?"

"उंदरासाठी," बाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातातला चहा घेतला.