पहारेकरी धुकं अडवतो का?

रविवारी सकाळी दहा ते बारा पत्तेमास्तर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत, आणि त्या दोन तासांत घरात मिक्सर लावायची कोणाची टाप नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी पत्त्यांचा एक खेळ काढला होता. पाकिटं विकत घ्यायची, पत्ते जमवायचे, मित्रांशी अदलाबदल करायची आणि मग समोरासमोर बसून लढायचं. तेव्हा खेळणाऱ्या मुलांना आता टक्कल पडायला लागलं होतं, पण त्यांच्या शंका काही फिटल्या नव्हत्या. त्या शंका खेळ छापणाऱ्या कंपनीच्या साइटवर येत, आणि मास्तर जे उत्तर देत तो त्या मिनिटापासून नियम होई. आजवर एकही उत्तर त्यांनी मागे घेतलं नव्हतं. याचा त्यांना भारी अभिमान होता. भाजीत मीठ जास्त झालंय का, असं बायकोने विचारलं तरी ते दोनदा विचार करून बोलत.

त्या रविवारी पहिलाच प्रश्न आला, "पहारेकरी धुकं अडवू शकतो का?"

पहारेकरी हा मास्तरांचा सगळ्यात जुना पत्ता. लहानपणी त्यांना गोवर निघाला होता, तेव्हा ताईने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पत्ते केले, आणि दोघं भावंडं पंधरा दिवस खिडकीपाशी खेळत बसली. लाल खडू संपला म्हणून ताईने पहारेकऱ्याचं नाक हिरवं रंगवलं. पुढे खेळ छापला तेव्हाही मास्तरांनी ते हिरवंच ठेवलं, चित्रकाराशी भांडून. हे सगळं आठवून त्यांना भरून आलं आणि त्या भरात त्यांनी लिहून टाकलं, "अर्थात अडवू शकतो."

पुठ्ठ्याच्या खेळात तो अडवायचा. छापील खेळात नाही, आणि त्याला कारण होतं. डाव संपवायला धुक्याचा पत्ताच लागतो, आणि पहारेकरी काम करून पुन्हा हातात येतो. तो जर धुकं अडवायला लागला, तर डाव जन्मात संपायचा नाही.

नेमकी त्याच दिवशी वार्षिक स्पर्धा होती. साडेअकराला कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. सोळा टेबलं मांडली होती आणि दहापासून एकाही टेबलावर डाव संपला नव्हता. दोन वाजता हॉल नाचाच्या क्लासला द्यायचा होता. वरच्या साहेबांनी बजावलं होतं, की स्पर्धा फसली तर रविवारची प्रश्नोत्तरं कायमची बंद.

निवृत्तीनंतर तेवढा एक रविवार मास्तरांचा असा उरला होता.

"चुकलं म्हणून लिहून टाका ना," बायको म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती निमूट स्वयंपाकघरात गेली. त्यांनी चूक कबूल करण्याऐवजी पुरवणी जोडली. धुकं अडवल्यावर पहारेकरी एक फेरी झोपेल. पाच मिनिटांत कोणीतरी कळवलं, की कोंबडा हा पत्ता झोपलेल्याला उठवतो. मास्तरांनी लिहिलं, धुक्यात कोंबडा आरवत नाही. मग कोंबडेवाले खवळले. काहींनी वीस-वीस वर्षं खपून कोंबड्याभोवतीच सगळे पत्ते जमवले होते, त्यांचं काय करायचं? मास्तर घामाघूम झाले. शेवटी त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, आपल्या पुठ्ठ्याच्या खेळात पहारेकरी धुकं अडवायचा. मग डाव संपायचा कसा गं?"

"मी हरायचे," ताई म्हणाली.

"दरवेळी?"

"जिंकल्याशिवाय जेवायलाच उठायचा नाहीस तू. अंगात ताप, पोटात काही नाही. आईचा जीव खालीवर व्हायचा. मग मी माझा पहारेकरी मांडीखाली सारायचे."

गोवरात मी एकही डाव हरलो नव्हतो, असं मास्तरांनी पंचवीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत सांगितलं होतं. आता लाज वाटली, आणि बरंही वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि लिहिलं, "डाव अडलाच, तर वयाने मोठा असेल त्याने हरावं."

पाऊण तासात हॉल रिकामा झाला. केस रंगवलेले एक गृहस्थ आपणच धाकटे असल्याचं शपथेवर सांगत होते, त्यांना लायसन्स काढायला लावलं. दोन जुळे भाऊ आईला फोन लावून बसले. मॅनेजरने खूश होऊन कळवलं, की रविवार चालू राहील.

संध्याकाळी ताईचा फोन आला. नवा नियम तिच्या कानावर गेला होता, आणि आवाज दुखावलेला होता.

"मी आपणहून हरायचे रे. आता तू त्याचा नियम करून टाकलास. मग त्यात माझं काय राहिलं?"

मग कधी नव्हे ते वेळ संपल्यावर मास्तरांनी साइट उघडली आणि लिहिलं, "पहारेकरी धुकं अडवत नाही. सकाळी मी चुकलो. मोठ्यांनी हरण्याचा नियमही रद्द." आता आकाश कोसळणार म्हणून ते वाट पाहत बसले. खाली एकाने फक्त लिहिलं, "बरं."

पुढच्या शनिवारी ताई खेळायला आली. चष्मा पुसून बसली आणि अकरा मिनिटांत तिने मास्तरांना पार लोळवलं. मास्तर थक्क झाले. ती म्हणाली, मुद्दाम हरायचं तर समोरच्याचे सगळे पत्ते ओळखावे लागतात, ती सवय काही मोडत नाही.

आतून बायकोने पानं वाढल्याचं सांगितलं. ताई उठली.

"आणखी एकच डाव," मास्तर म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती परत बसली. तो डाव मास्तर जिंकले. कसे, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.