गाड्या बंद, दुकान चालू

नगरपरिषदेने छोट्या दुकानदारांना हात द्यायचं ठरवलं, ही बातमी टायरवाल्याच्या दुकानात पोचली तेव्हा त्याची बायको लेकीच्या तोंडातून व्हॉल्व्हची टोपी काढत होती. बाजारातले सगळे तिला वहिनी म्हणत. वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती. त्यामुळे रबर पोटात गेल्यावर काय काय होतं हे तिला इतर आयांपेक्षा जास्त कळत होतं, आणि त्यामुळेच तिची झोपही इतर आयांपेक्षा कमी होती. छकुली नुकती चालायला लागली होती. पायात घातलेला बूट चालता चालता काढून फेकणं हा तिचा सध्याचा आवडता उद्योग होता.

बातमी आणली ती समोरच्या सलूनवाल्याने. एका हातात कंगवा आणि चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद.

"ऐकलंस का? येत्या गुरुवारी आपल्या रस्त्यावर गाड्या बंद. अख्खा दिवस. लोकांनी गाड्या परिषदेच्या मागच्या मैदानात लावायच्या आणि बाजारात पायी फिरायचं. अध्यक्षबाईंची कल्पना आहे. माणूस चालत आला की रमतो, रमला की दुकानात डोकावतो, डोकावला की काहीतरी घेतो."

"आणि माझ्याकडे?" टायरवाल्याने विचारलं.

"तुझ्याकडेही डोकावतील की."

"डोकावतील. पण टायर कुठं असेल त्यांचा? खांद्यावर?"

सलूनवाल्याने कंगव्याने डोकं खाजवलं. "बुटात हवा भरून दे," तो म्हणाला आणि हसत हसत रस्ता ओलांडून गेला. तिथे एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर त्याची वाट बघत होतं.

मागच्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. "हा एका दिवसाचा खेळ आहे ना? मग तोंड कशाला पाडतोस?"

"एका दिवसाचा नाही, आई. गुरुवार बरा गेला तर सोमवारच्या सभेत रोजचंच करणार आहेत. रोज गाड्या बंद. मग मी काय करू, कंगवे विकू?"

वहिनी छकुलीने फेकलेला बूट उचलायला वाकली. बोलली असती तर पंचाईत झाली असती. नवऱ्याचं दुकान बुडणार याची तिला काळजी होती, हे खरं. पण ज्या रस्त्यावरून ट्रक गेला की ती लेकीला घट्ट धरून भिंतीला चिकटायची, त्या रस्त्यावर एक दिवस एकही चाक फिरणार नाही, या विचाराने तिला थोडं हायसंही वाटत होतं. आपण बायको म्हणून एक आणि आई म्हणून दुसरंच मत ठेवतोय, याची तिने आणखी एक वेगळी काळजी करून घेतली.

गुरुवारी रस्ता खरंच फुलला. चपलांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सलूनवाल्याने बाहेर बाक टाकला होता. टायरवाला मात्र हवेच्या यंत्राशेजारी हात बांधून बसला होता.

"शटर अर्धं ओढ," सासूबाईंनी सल्ला दिला. "पूर्ण ओढलंस तर लोक म्हणतील रुसला. सताड उघडं ठेवलंस तर म्हणतील रिकामा बसलाय."

"आणि अर्धं ओढलं तर?"

"तर लोकांना नीट दिसणार नाही."

टायरवाल्याने शटर अर्धं ओढलं. आता तो कमरेपासून खाली तेवढा रिकामा बसलेला दिसत होता.

नवऱ्याचा तो चेहरा बघवेना म्हणून वहिनी छकुलीला घेऊन फिरायला निघाली. बरोबर पाण्याची बाटली, जास्तीचे कपडे, जंतुनाशक आणि बिस्किटांचा डबा. रस्ताभर छकुली बोट न धरता चालली. वहिनीला इतकं हलकं वाटलं की ती थेट परिषदेच्या मैदानापर्यंत गेली. तिथे गाड्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या आणि तोंडाशी नवी कोरी निळी लाकडी कमान उभी होती. 'पायी या, आनंदाने घ्या.'

कमानीखाली छकुलीने उजवा बूट काढून फेकला. वहिनी तो उचलायला वाकली आणि तिला खिळा दिसला. चांगला बोटभर लांब, टोकदार. ती तो उचलायला बसली तेव्हा दुसरा दिसला. मग तिसरा, एका गाडीच्या पुढच्या चाकाला टेकलेला.

दुसरी एखादी बाई लेकीला उचलून घरी गेली असती. पण वहिनीच्या डोळ्यांपुढे गावातल्या सगळ्या चालायला लागलेल्या पोरांचे सगळे अनवाणी पाय आले. तिने डब्यातली बिस्किटं कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, छकुलीला काखोटीला मारलं आणि ती गाड्यांमधून वाकून वाकून खिळे वेचायला लागली. एखादा चाकाखाली असायचा, मग गुडघ्यावर बसून, हात आत घालून. कुणी बघतंय का, याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष जमिनीवर होतं. डबा भरत आला तेव्हा छकुली कंटाळून रडायला लागली, आणि राहिलेलं मैदान तसंच टाकून वहिनी घरी परतली.

संध्याकाळी लोक पिशव्या घेऊन मैदानात गेले. पहिल्या माणसाने गाडी चालू केली, ती थोडी पुढे गेली आणि एका बाजूला कलली. दुसऱ्याची जागेवरच बसलेली होती. तिसरा या दोघांना हसला आणि मग त्याने स्वतःच्या चाकाकडे पाहिलं.

थोड्याच वेळात टायरवाल्याच्या दारात रांग लागली. कुणी चाक ढकलत आणलं, कुणी डोक्यावर. शटर पूर्ण वर गेलं. टायरवाल्याचे हात असे चालत होते की जणू पेटी वाजवतोय. तो प्रत्येक टायरमधून पकडीने खिळा ओढायचा, पत्र्याच्या थाळीत टाकायचा, टण्णकन आवाज यायचा आणि त्याचा चेहरा आणखी उजळायचा. गिऱ्हाइकाचं नुकसान होत असताना इतकं हसू नये, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"काय योगायोग आहे," रांगेतला एक जण म्हणाला. "ज्याचा धंदा बसणार होता, त्याच्याच दारात रांग."

"योगायोग म्हणा," दुसरा म्हणाला.

सलूनवाल्याची स्कूटरही रांगेत होती. तो मनाने वाईट नव्हता, फक्त पोटात काही ठेवायची त्याला सवय नव्हती. "दुपारी आमच्या वहिनी मैदानात दिसल्या म्हणे एका गिऱ्हाइकाला. गाड्यांमध्ये वाकून काहीतरी करत होत्या. असेल काहीतरी पडलं असं मी म्हटलं त्याला."

रांगेतल्या सगळ्यांनी थाळीकडे पाहिलं. थाळीतला टण्ण आवाज आता जरा जास्तच मोठा वाटायला लागला. नेमक्या त्याच वेळी अध्यक्षबाई पायी आल्या. मागून त्यांचा चालक चाक घरंगळवत येत होता.

"काय चाललंय हे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

उत्तर कुणी देण्याआधी छकुलीने भोकाड पसरलं. तिला बिस्किट हवं होतं. वहिनी आत दूध गरम करत होती. सासूबाई तत्परतेने पुढे झाल्या, त्यांनी पिशवीतून डबा काढला, "थांब गं माझी बाय," म्हणत सगळ्यांच्या देखत झाकण उघडलं, आणि नातीच्या हातावर ठेवण्यासाठी आत बोटं घातली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, तू लेकराला खिळे देतेस खायला?"

वहिनी दुधाचं भांडं हातात घेऊनच धावत बाहेर आली. डबा, खिळे, रांग, अध्यक्षबाई, सगळं तिने एका नजरेत पाहिलं.

"ते मी वेचलेत," ती म्हणाली.

"वेचलेत की पेरलेत?" रांगेतून आवाज आला.

"वेचलेत. म्हणजे पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून. चाकांखालून काढले. चाकांखाली घातले नाहीत, काढले. बरेच राहिले असतील, छकुली रडायला लागली म्हणून मी निघाले." ती जितकं जास्त सांगत गेली तितके लोक जास्त मान हलवत गेले, आणि ती मान हलवणं चांगलं नव्हतं.

"सोमवारी सभेला या," अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या. "दुकानाच्या परवान्याचं काय करायचं ते तिथे बघू. आधी माझं चाक करा."

रांग संपल्यावर टायरवाला बायकोजवळ आला. त्याचे डोळे ओलसर झाले होते.

"तू माझ्यासाठी हे केलंस?" तो हळूच म्हणाला.

"अहो, नाही हो. मी खरंच वेचत होते."

"खरंच?"

"खरंच."

"बरं," टायरवाला म्हणाला. परवाना जाण्याच्या भीतीने त्याचा चेहरा उतरला होताच, आता तो आणखी थोडा उतरला.

पुढचे दिवस घरात जेवणं झाली ती फक्त ताटं वाढली म्हणून. परवाना गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर त्यामागची राहती खोलीही जाणार होती. सासूबाई येताजाता म्हणत, "मी डबा उघडायलाच नको होता," आणि वहिनी म्हणे, "आई, तुमची काय चूक," आणि मनात म्हणे, हो, उघडायला नको होता. पण काळजी करायची सवय असलेल्या माणसाला बारीक बघायचीही सवय असते. डबा पुन्हा पुन्हा उघडून बघताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि रविवारी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वहिनी एका कडेवर छकुली आणि एका हातात डबा घेऊन उभी राहिली. तिने डबा अध्यक्षबाईंपुढच्या टेबलावर उघडा ठेवला.

"हे खिळे बघा. प्रत्येक खिळा वाकलेला आहे. ज्याला गाड्या पंक्चर करायच्यात तो सरळ, नवे खिळे आणेल. हे लाकडातून उपसलेले आहेत. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निळा रंग आहे. गावात निळं लाकूड एकच आहे."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून कमान दिसत होती.

मागच्या रांगेतले सुतारकाका उठले. "खिळे माझेच आहेत," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "पण मी कमान एकदाच ठोकली होती हो, आणि ती चांगली बसली होती. बाई म्हणाल्या, फोटोत वाकडी दिसते, उजवीकडे घ्या. घेतली. मग म्हणाल्या, फार झालं, आता परिषदेची पाटी झाकली जाते. परत डावीकडे. मग ऊन तोंडावर येतं म्हणून मैदानाच्या आत. मग पुन्हा होती तिथे. दर वेळी उपसायचं, दर वेळी ठोकायचं. खिळे गोळा करायला वेळ कुठं दिला? फोटोवाला येऊन बसला होता."

 अध्यक्षबाई ग्लासभर पाणी प्यायल्या, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पण त्या उगीच एवढ्या निवडणुका जिंकल्या नव्हत्या.

"परवान्याचा प्रश्न मिटला," त्या ग्लास ठेवत म्हणाल्या. "आता मुख्य विषय. गुरुवारच्या उपक्रमाचा दुकानदारांना फायदा झाला का? तुम्ही उभ्याच आहात तर तुमच्यापासून सुरू करू. त्या दिवशी तुमच्याकडे गिऱ्हाईक वाढलं की घटलं?"

"वाढलं, पण ते त्या..."

"आजवरच्या कुठल्याही दिवसापेक्षा?"

वहिनीला खोटं बोलता येत नसे. "हो. पण त्याचं कारण..."

"बघा," अध्यक्षबाई सभेकडे वळून म्हणाल्या. "गाड्या बंद केल्यावर टायरच्या दुकानाचासुद्धा धंदा वाढला. आणखी काय पुरावा हवा?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सलूनवाल्याने वाजवल्या, वहिनी सुटल्याच्या आनंदात. हात वर झाले आणि रस्ता कायमचा पायी झाला. टायरवाल्याने बायकोकडे पाहिलं. परवाना वाचला होता, आणि तो भिंतीवर लावून आता त्याच्याखाली रिकामं बसायचं होतं.

वहिनी खाली बसली नाही. मागे वळून बसायला खुर्चीच उरली नव्हती, हेही एक कारण होतं. "मग आमचं दुकान रस्त्यावर ठेवून काय करायचं?" ती म्हणाली. "रोज सगळ्या गाड्या मैदानात असणार. तिथली कोपऱ्यातली खोली कुलूप लावून पडलीय. ती आम्हाला द्या. छोट्या दुकानदारांना मदत करायचं ठरलंय ना?"

अध्यक्षबाईंनी डब्याकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं, आणि सुतारकाका पुन्हा उठायच्या बेतात आहेत हेही पाहिलं.

"दिली," त्या म्हणाल्या. "भाडंसुद्धा नको. एकच अट. मैदानात यापुढे एकही खिळा दिसता कामा नये. ती जबाबदारी तुमच्या मालकांची."

"मंजूर," टायरवाला उभा राहून म्हणाला. "एक नाही दिसणार, बाई. शब्द देतो."

पायऱ्या उतरेपर्यंत तो खुशीत होता. शेवटच्या पायरीवर तो थबकला.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मी रोज सकाळी मैदानातले खिळे वेचायचे, आणि मग दिवसभर पंक्चरची वाट बघत बसायचं?"

"हवा भरायला येतील की लोक," वहिनी म्हणाली.

"हवा तर सगळे घरीच भरतात गं पंपाने..." तो पुढे काहीतरी पुटपुटला, पण वहिनीचं लक्ष नव्हतं. ती कमानीखाली पोचली होती. छकुली कडेवरून खाली घसरत होती, आणि तिचा उजवा बूट केव्हाच पडला होता. वहिनीने तिला सरळ जमिनीवर सोडलं आणि जमिनीकडे न बघता चालू लागली, मान वर करून, मोकळी.

कारण मागून परिषदेचा नवा बिनभाड्याचा भाडेकरू कमरेतून वाकून, लेकीच्या प्रत्येक पावलापुढची माती डोळ्यांनी चाळत येत होता.