महाराजांआधी न दचकण्याची हकीकत

श्री. ज्या जगन्मातेने घुबडास डोळे, कोल्ह्यास गळा आणि गरिबास कान दिले, तीस नमन करून लिहिण्यास आरंभ केला ऐसे जे. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सरी एक राज्य होते. नाव लिहीत नाही. ज्याचे असेल तो ओळखेल. त्या राज्याचे मूळपुरुष मोठे पराक्रमी. एके रात्री छावणीत घोडे खिंकाळले, आणि फौज दचकून पळाली, आणि मूळपुरुष मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा पाय तंबूच्या दोरीत अडकला होता असे वैरी सांगतात, आम्ही सांगत नाही. मग त्यांनी कायदा केला की, रात्री कसलाही आवाज होवो, स्वामी दचकल्यावाचून रयतेने दचकू नये; दचकेल त्याचे घर सरकारजमा. पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोणी स्वामी दचकले नाहीत, सबब रयतही दचकली नाही, आणि राज्य निर्भय म्हणून चहूकडे कीर्ती जाहली.

मग गादीवर हल्लीचे महाराज आले. शेजारच्या राजाचा नगारखाना आपल्याहून उंच, हे त्यांचे मनास फार लागले, आणि त्यांनी कुंभारआळीवरच्या जुन्या बुरुजावर आणखी एक मजला चढविण्याची आज्ञा केली, आणि मजला चढला, आणि मजल्यावर थोरला नगारा चढला, आणि भाद्रपदाच्या पावसात बुरूज रात्री कण्हू लागला. आधी कुरकुर, मग करकर, मग ऐन मध्यरात्री असा कडकडाट की पाळण्यातली पोरे ताठ होत आणि कुत्री खाटांखाली शिरत. सारे नगर उठून बसे. परंतु दचकावे कसे? महाराज तर वैद्याच्या सल्ल्याने कानांत तेलाचे बोळे घालून निजत.

तेव्हा कारभारी अंताजीपंत, जे महाराजांच्या मुखाकडे पाहून दिवस की रात्र ते सांगत, त्यांनी बंदोबस्त केला. जो निजला तो दचकला नाही, आणि निजल्याची खूण घोरणे. याकरिता आवाज होताच घरोघर घोरावे, आणि पहारेकऱ्यांनी दारोदार कान लावून खात्री करावी. तेव्हापासून बुरूज कडाडला की नगर घोरू लागे. सराफकट्टा बारीक घोरे, तालीम गडगडून घोरे, आणि नवी सून सासऱ्यादेखत घोरण्यास लाजे, तिच्या वाटचे नवरा घोरे.

बुरुजाच्या अगदी पायथ्याशी तुळजा कुंभारणीचे घर होते. नवरा वारलेला, घरात सासू, आणि सासूचे अंग वाऱ्याने लुळे पडलेले. भिंत कोसळली तर इतरांस पळता तरी येईल, म्हातारीस तेही नाही. आवाज झाला की तुळजा तिच्यावर ओणवी होऊन राही, आणि म्हातारी म्हणे, "तू जा बाई भाईर. मी हाय घोरायला." शेवटी तुळजा दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, बुरूज रातचा कडाडतोय," ती म्हणाली. "म्हातारीला घिऊन नदीपल्याड ऱ्हायची परवानगी द्यावी."

अंताजीपंत म्हणाले, "आवाज ऐकलास, म्हणजे तू जागी होतीस?"

"मेलेला मानूस बी जागा हुईल, सरकार."

"महाराज नाही झाले."

"महाराजांनी एक रात कानातले बोळे काढून बघावं. मग म्या काय म्हनत न्हाई."

महाराजांस गंमत वाटली आणि त्यांनी रुकार दिला. मग अंताजीपंतांस वाटले, स्वामी ऐकणार त्या रात्री रयत घोरण्यात कमी पडली तर लाज जाईल. म्हणून त्यांनी दुप्पट पहारे बसविले आणि मनसोक्त घोरण्याची ताकीद फिरविली. रात्री महाराज बोळे काढून पलंगावर बसले, आणि बुरूज कडाडला, आणि त्याच क्षणी सारे नगर असे घोरले की त्या गदारोळात कडकडाट पार बुडून गेला. महाराजांस घोरण्यावाचून काही ऐकू आले नाही. ते सद्‌गदित होऊन बोलिले, "केवढी ही स्वस्थ प्रजा! आजपासून आम्हांस बोळे नकोत, हीच आमची अंगाई." तुळजेची फिर्याद खोटी ठरली, आणि तिने उद्यापासून आठवडाभर चावडीवर बसून सर्वांदेखत घोरावे अशी शिक्षा जाहली.

तुळजा घरी आली आणि सासूच्या पायथ्याशी बसून रडली. मग डोळे पुसले, आणि आळीतली माणसे बोलावली, आणि काय ठरवायचे ते ठरविले. रात्री बुरूज कडाडला तेव्हा कुंभारआळीने म्हातारीची खाट उचलली, चाके, मडकी, कोंबड्या घेतल्या, आणि सारी आळी मोठ्याने घोरत रस्त्याने चालू लागली. पहारेकऱ्यांनी घोरणे ऐकिले आणि समाधानाने माना डोलविल्या. वेशीवरचा जमादार मात्र पेचात पडला. तो आपल्या शिपायास म्हणाला, "झोपेत चालतायत ही. हाक मारावी तर दचकतील, आणि दचकली तर माझ्या पहाऱ्यात गुन्हा घडंल. दिंडीदरवाजा उघड, पर आवाज करू नगंस." मग आळी नदीपार गेली. तिथे घोरणे थांबवून माणसे खरोखर निजली.

पहाटेस बुरूज मजल्यासकट आणि नगाऱ्यासकट रिकाम्या कुंभारआळीवर कोसळला. महाराज उठून बसले.

"काय झाले?"

"बुरूज पडला, महाराज," अंताजीपंत म्हणाले.

"आम्ही दचकलो काय?"

"छे, महाराज."

"मग काही झाले नाही," असे बोलून महाराज कुशीवर वळले. दरबाराने धैर्याची वाखाणणी केली, आणि नवा बुरूज दोन मजले अधिक उंच बांधावा असे ठरले. कुंभारआळीस परतण्याचा हुकूम गेला. तुळजेने हुकूम घेऊन आलेल्या जासुदास घोटभर ताक दिले आणि निरोप सांगितला, "आमी अजून झोपेतच हावोत. जाग आली म्हंजी येऊ."

हा निरोप नगरात फिरला. मग आज सुतारआळी घोरत गेली, उद्या तालीम गेली, सराफकट्टा बारीक घोरत गेला, आणि प्रत्येक वेळी जमादाराने दिंडीस तेल घालून ती हळूच उघडली, आणि अखेरीस तोही खाकेत बिछाना घेऊन घोरत निघाला. त्या रात्री नगरात एक पान हलले नाही. कोठे श्वास नाही, खोकला नाही. आणि त्या शांततेने महाराज खडबडून जागे जाहले, छाती धडधडू लागली, घाम सुटला, आणि त्यांनी हाक मारली, "पंत, आम्ही दचकलो."

वंशात प्रथमच स्वामी दचकले, तेव्हा कायद्याने रयतेस मोकळीक देणे प्राप्त. परंतु द्यावी कोणास? अंताजीपंत स्वतः कंदील घेऊन रिकाम्या रस्त्यांनी ओरडत फिरले आणि फिरत फिरत नदीकाठी आले. "महाराज दचकले हो," त्यांनी पैलतीरी हाक दिली, "आता ज्याने त्याने खुशाल दचकावे."

पैलतीरी सारे गाढ निजले होते. एक म्हातारी तेवढी घोरत होती, आणि ते घोरणे खरे होते.

येणेप्रमाणे त्या राज्याची हकीकत. राजा निर्भय होता, हे खोटे नव्हे. भिण्याचे काम त्याने रयतेवर टाकले होते, आणि एके रात्री रयत ते त्याच्या उशाशी ठेवून गेली. ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराने सुखे निजावे, आणि भिंत कडाडली तर उठावे.