अण्णांनी उतरायचं कुठं

“काका, उतरायचं कुठं ते एकदा ठरवा, मग मी बटण दाबतो,” तिकीटवाला म्हणाला. त्याचं बोट सकाळपासून हवेतच होतं.

अण्णांची तिन्ही मुलं एकाच शहरात राहत, पण शहर एवढं अवाढव्य की त्याला विमानतळच तीन, आणि नेमकं एकेकाचं बिऱ्हाड एकेका विमानतळाजवळ. बायको गेल्यावर अण्णांनी शिवणयंत्रावर खोळ चढवली होती. रिकामं घर खायला उठायचं. काही महिने मुलांत राहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलंही “या की, कधीही या” म्हणत. कधी येताय, हे मात्र कुणी विचारत नसे.

अण्णांनी आधी थोरल्याला फोन लावला.

“आमच्याकडचा विमानतळ? छे, अण्णा. चालून चालून गुडघे जातील तुमचे. बेबीकडचा बघा, कसा सुटसुटीत आहे.”

बेबी म्हणजे लेक. ती म्हणाली, “आमच्याकडे सामान यायला इतका वेळ लागतो ना, की रडू येतं माणसाला. त्यापेक्षा धाकट्याकडे उतरा.”

धाकटा म्हणाला, “इथं टॅक्सी मिळत नाही, अण्णा. मिळाली तर रस्ता मिळत नाही. दादाच्या बाजूलाच बरं पडेल तुम्हाला.”

अण्णांनी चिकाटीनं पुन्हा दादाला फोन लावला. एवढ्यात तिथं धुकं पडू लागलं होतं. बेबीकडे खोदकाम निघालं. धाकट्याचं म्हणणं, त्याच्याकडचा विमानतळ नुसता नावाला आहे.

“काका, तिन्ही चांगले आहेत हो,” तिकीटवाला न राहवून म्हणाला.

“ते कळलं मला.”

उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला, पोटच्या पोरांची तेवढी घ्यायची राहिली होती. अण्णांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. मग त्यांनी परत फोन फिरवले.

“मी काही येत नाही. तुम्हीच या चार दिवस. तिकिटं मी काढतो. कुठून निघणं सोयीचं पडेल?”

“आमच्याकडूनच काढा,” थोरला म्हणाला. “दारातच तर आहे विमानतळ. दमायला म्हणून होत नाही.”

बेबीकडे सामानाचं काम आता हातोहात होत होतं. धाकट्याकडे टॅक्सीवाले हाक मारायच्या आत हजर होते.

अण्णांनी फोन खाली ठेवला. “एकेका फोनात तिन्ही विमानतळ सुधारले. आता माझंच तिकीट काढा. थोरल्याकडे उतरतो, मग बेबीकडे राहतो, आणि परत येताना धाकट्याच्या विमानतळावरून.”

तिकीटवाल्याचं बोट अखेर खाली आलं. “आणि परतीची तारीख? मुलांना विचारायची का?”

“ती नका विचारू,” अण्णा म्हणाले. “तिच्यावर तिघांचं लगेच एकमत होईल.”