एकशे बारा किलो कचरा

सोमवारी अकराला येणारी विद्यापीठाची समिती साडेअकराला आपल्यापुढे हात जोडेल, असं योगेंद्र सरांनी शनिवारी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे जाहीर केलं. कारण त्यांच्याकडे एकशे बारा किलो कचरा होता!

सर मूळचे अर्थशास्त्राचे. पण खापर गावाजवळच्या या कॉलेजात पर्यावरण हा विषय नऊ वर्षं गावच्या सांडासारखा फिरत होता. ज्याचा तास रिकामा, त्याच्या अंगावर. ओझोनचा थर मुलांना इतिहासाच्या सरांनी शिकवला होता, तोही सनावळीसकट. योगेंद्र सरांना या विषयाचा स्वतंत्र विभाग हवा होता. दारावर पाटी, पाटीवर आपलं नाव. समिती ‘हो’ म्हणाली तर पाटी, ‘नाही’ म्हणाली तर सांड पुन्हा मोकळा.

म्हणून त्यांनी तीन विभाग एका दावणीला बांधले. वनस्पतिशास्त्राच्या मयूरी मॅडमनी ओला-सुका ओळखायचा, इतिहासाच्या दिलवरसिंग सरांनी नोंदी ठेवायच्या आणि निष्कर्ष योगेंद्र सरांनी काढायचे. सहा दिवस कॉलेजचा सगळा कचरा तोलून, विभागवार चिठ्ठ्या लावून हॉलमध्ये रचला. असा वास सुटला की शेजारच्या वर्गातली मुलं आपणहून ग्रंथालयात जाऊन बसू लागली. नोंदवही हरवू नये म्हणून दिलवरसिंग सरांनी ती सगळ्यात वरच्या पोत्यात खोचून ठेवली.

सोमवारी साडेआठला सर हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. फरशी आरशासारखी चकचकीत. दाराशी रांगोळी. मागच्या खड्ड्यातून धूर.

पंधरा वर्षं कॉलेज झाडणाऱ्या रंजनाबाई खराटा टेकवून शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या.

“सर, पाव्हना येणार शेतस ना? मंग हॉलमा इतला उकिरडा कशाले? मी समदा जाळी टाका.”

“आणि वही?”

“ती बी तठेच व्हती.”

रागवावं तरी कसं? कोणी साहेब येणार म्हटलं की ‘आधी सगळं साफ करा’ हाच हुकूम त्या पंधरा वर्षं ऐकत आल्या होत्या.

पुढच्या दहा मिनिटांत दोन मोटारसायकली खापरच्या बाजाराकडे सुटल्या. तीन प्राध्यापक दुकानोदुकानी कचरा मागताहेत हे पाहून एका चहावाल्याने कॉलेजचा पगार थकलाय का म्हणून विचारलं. शेवटी किराणावाले इंदरमल शेठ पावले. गोदामाच्या कोपऱ्यात पडलंय ते सगळं घेऊन जा, म्हणाले. इंदरमल शेठांनी कोपरा बोटाने दाखवला आणि तिघांनी आपापल्या सोयीचा कोपरा निवडला. पावणेअकराला पोती हॉलमध्ये, नव्या चिठ्ठ्यांसकट.

समितीच्या अध्यक्षा कमी बोलणाऱ्या आणि जास्त उचकापाचक करणाऱ्या निघाल्या. प्राचार्यांच्या कार्यालयाच्या पोत्यातून तेलाचे सात रिकामे डबे निघाले. आपण केबिनमध्ये भजी तळत नाही, हे प्राचार्यांनी न विचारताच सांगितलं. मग इतिहासाचं पोतं सुटलं. आत सुकलेल्या, बारीक, तपकिरी शेंगा.

“आवारातल्या झाडांच्या आहेत,” मयूरी मॅडमनी ठणकावून सांगितलं. “सुका जैविक कचरा. कुजायला चार महिने लागतात.”

तेवढ्यात दारात धापा टाकत इंदरमल शेठांच्या पत्नी पानीबाई आल्या. त्यांनी अध्यक्षांच्या हातातली मूठभर शेंगा आधी काढून घेतल्या आणि मग तोंड उघडलं.

“म्हारी सांगरी! खास जोधपूरथीन आणेल भाजी शे ती. परवा मना पोऱ्या रिषभनं लगन, पाचशे पान उठणार, आनी तुम्ही तिले कुजाडी ऱ्हायनात?”

पोतं उचलून पानीबाई निघाल्या. जाताना तेलाच्या डब्यांवरही त्यांनी एक नजर टाकली, पण ते सोडून दिले.

हॉलमध्ये फिनेलचा वास तेवढा राहिला. सरांनी घसा खाकरला आणि पहिल्या पोत्यापासून शेवटच्या धुरापर्यंत सगळं सांगून टाकलं. अध्यक्षांनी फाईल मिटली.

“म्हणजे एकशे बारा किलोला पुरावा काहीच नाही.”

“नाही,” सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढून पाटी हलली, नाव हललं.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या रंजनाबाईंना हे काही पटेना.

“पुरावा कशाले पाहिजे? सोमवारथीन शुक्करवारलोंग रोज तीन टोपल्या, शनवारे अर्धा दिन म्हनीसन एक. टोपलीमा सात किलो बसस. रेशनना काटावर मी सोता मोजेल शे.”

अध्यक्षांनी फाईल पुन्हा उघडली. सोळा टोपल्या, सात किलो. गुणाकार केला, परत करून पाहिला, आणि पहिल्यांदाच हसल्या. सगळ्यात जास्त कचरा कुठला, एवढंच त्यांनी विचारलं.

“स्टाफरूमना,” रंजनाबाईंनी कप पुढे केला. “पोरं बिचारा काय कचरा करतीन?”

विभाग मंजूर झाला. पाटी लागली, पाटीवर नावही लागलं. अट एकच होती. पहिलं प्रात्यक्षिक रंजनाबाई घेतील आणि विभागातले सगळे ते देतील, प्रमुखांसकट.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बत्तीस मुलांसमोर योगेंद्र सरांनी अर्धा हॉल झाडला. रंजनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“कचरा पुढे लोटतस, सर. आपला आंगवर नही.”

दहापैकी चार गुण मिळाले. दिलवरसिंग सरांनी आकडा वहीत नीट उतरवला आणि वही या खेपेला कपाटात ठेवून कुलूप लावलं. सर म्हणत होते, ही पोत्यात खोचून ठेवली तरी चालेल.